बाजारात एक तास

सहामाहीच्या आधी मी नववीच्या मुलींना निबंध घातला होता, 'बाजारात एक तास'. विषय जुनाच. मला माझ्या सरांनी घातला होता, मी माझ्या विद्यार्थिनींना घालते. आमची शाळा उर्दू माध्यमाची, मी तिथं मराठी शिकवते आणि गरज पडली की उर्दूचे तासही घेते. चौतीस वह्या आल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त वह्यांत एकच भाजीवाला एकाच आवाजात ओरडत होता, एकच फुलवाली एकच गजरा विकत होती आणि शेवटी बाजार म्हणजे मानवी जीवनाचा आरसा होता. गाइडातला बाजार. मी ओळखते त्याला, वर्षातून एकदा आमची भेट होते.

एका वहीत मात्र अडीच ओळी होत्या. 'मी बाजारात कधी गेली नाही. सामान अब्बू आणतात. ईदचे कपडे खाला आणते. मी काय' एवढ्यावर वाक्य तुटलं होतं.

या मुलीचं घर महाद्वार रोडपासून चालत दहा मिनिटांवर आहे.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात विचारलं, "घरातलं मोठं माणूस सोबत नसताना, फक्त मैत्रिणींबरोबर बाजारात कोण कोण गेलंय?" चार हात वर आले. त्यातला एक हात शेजारणीकडे बघून खाली गेला. का नाही गेलात म्हटल्यावर उत्तरं भराभर आली. गर्दी असते. भाऊ रागावतो. पैसे कुठले. एकीनं आईचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, "बाजार में लडक्यां का क्या काम?" आणि मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणालं, "मॅडम, दंगल झाली तर?"

यातलं शेवटचं उत्तर मला खोडता आलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आधी माझं सांगते. माझे अब्बा केळी विकायचे. पहाटे मार्केट यार्डातून माल घ्यायचा आणि कागल तालुक्यातल्या गावांचे आठवडी बाजार धरायचे, असा त्यांचा आठवडा. सुट्टीत मी गाडीमागं पोत्यावर बसून सुट्टे पैसे मोजून द्यायची. म्हणजे बाजार मी लहानपणापासून पाहिला, पण गाडीच्या मागून. समोरच्या बाजूनं, गिऱ्हाईक होऊन, हातात स्वतःचे पैसे घेऊन बाजार कसा दिसतो हे मला ठाऊक नव्हतं. ज्या बाजारावर आमची चूल पेटायची तो बाजार घरातल्या पोरींसाठी वाईट होता, आणि हे अब्बांना कधी विचित्र वाटलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही वाटलं नाही.

अकरावीला कोल्हापुरात कॉलेज मिळालं. १९९६ सालची गोष्ट. दोन मैत्रिणी झाल्या. एक कसबा बावड्याची, शेतकऱ्याच्या घरची. दुसरी हुपरीची, जैन, वडील चांदीकाम करायचे. हुपरीची मैत्रीण वडिलांबरोबर पैंजणांचे डबे घेऊन गुजरीत यायची, त्यामुळे शहरातला बाजार तिच्या पायाखालचा. सहामाहीचा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी तिनं जाहीर केलं, "चला, आज बाजार." माझ्याकडं ईदीतून आणि फॉल-पिको करून साठवलेले एकशे चाळीस रुपये होते. घरी सांगितलेलं नव्हतं. केएमटीतून शिवाजी पुतळ्यापाशी उतरलो तेव्हा माझे पाय लटपटत होते, आणि ते गर्दीमुळे नव्हतं. वाटत होतं, आत्ता कोणीतरी अब्बांच्या ओळखीचं दिसणार.

चप्पल लाइनीत शिरलो. ज्यांनी ती गल्ली पाहिली नाही त्यांना सांगते, डोळ्यांआधी ती नाकाला कळते. कातड्याचा आणि तेलाचा वास. दोन्ही बाजूंना चपलांच्या माळा. मी एक जोडी उचलली, दुकानदारानं भाव सांगितला आणि मी पैसे काढायला लागले. हुपरीकरणीनं माझा हात धरला. "ठेव ती." मग तिचा आणि दुकानदाराचा जो संवाद सुरू झाला तो मी आजही मराठीच्या तासाला संवादलेखन शिकवताना आठवते. तिनं चप्पल वाकवून पाहिली, शिवण पाहिली, "ह्येला टाच कुठं हाय?" म्हणून विचारलं. ते म्हणाले, "पोरी, तू घेणार हैस का इकनार हैस?" आम्ही तिघी गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेलो, मग त्यांनी हाक मारली. शंभराला मागितलेली जोडी सत्तरला आली. देताना त्यांनी बजावलं, "आठ दिवस तेल लाव, न्हाईतर चावंल." मी आठ दिवस तेल लावलं. चावायची ती चावलीच.

त्याच कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे मिळून. २०२५ च्या जूनमध्ये प्राडानं मिलानच्या फॅशन शोमध्ये तसलीच चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नावच घेतलं नाही, त्यावरून केवढा गदारोळ झाला. आमच्या स्टाफरूममध्ये आठवडाभर तोच विषय. नाव न घेण्याचा राग आपल्याला किती लवकर येतो, हे मला तेव्हा जाणवलं, कारण त्या पहिल्या बाजारफेरीत नावाचीच एक गोष्ट घडली होती.

महाद्वार रोडवर एक माणूस खुर्ची टाकून बसला होता. पितळी किचेनवर नाव कोरून द्यायचा, पाच रुपयांत. बावड्याच्या मैत्रिणीनं आपलं नाव कोरून घेतलं, हुपरीच्या मैत्रिणीनं घेतलं. मग त्यानं मान वर न करता मला विचारलं, "नाव?"

मी म्हणाले, "मीना."

माझं नाव मीना नाही. का म्हणाले, मला माहीत नाही. त्यानं जात विचारली नव्हती, गाव विचारलं नव्हतं, त्याला फक्त अक्षरं हवी होती. माझं खरं नाव कोरायला त्याला एक अक्षर जास्त लागलं असतं, एवढाच फरक. पण मुंबईच्या दंगलींना तेव्हा चारच वर्षं झाली होती, घरात त्या काळात जे कुजबुजत बोललं जायचं ते कानात बसलं होतं. आणि ओढणी डोक्यावरून खांद्यावर आली की मी कोणाचीही मुलगी दिसत होते. बोलण्यावरूनही कळायचं कारण नव्हतं. आम्ही कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतो. मराठ्याची असो, जैनाची असो की मुल्लाण्याची.

परत जाताना बावड्याची मैत्रीण म्हणाली, "असं का गं केलंस?" मी काही बोलले नाही. तिनंही परत विचारलं नाही. तो किचेन अजून माझ्याकडं आहे, दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाचा.

आता माझ्या वर्गातल्या मुलींकडं या. त्यातल्या बऱ्याच जणी हिजाब घालतात. मला जी पळवाट होती ती त्यांना नाही. नाव विचारायच्या आधीच नाव कळलेलं असतं. म्हणून जेव्हा कोणी मला सांगतं, "तुम्ही नाही का गेलात, त्यांनाही जाऊ दे," तेव्हा मी लगेच मान डोलावत नाही. मी गेले होते, पण मीना म्हणून गेले होते.

आणि मागच्या बाकावरचा तो प्रश्न. ७ जून २०२३ ला सोशल मीडियावरच्या स्टेटसवरून शहर बंदची हाक दिली गेली, शिवाजी चौकात जमाव जमला, दगडफेक झाली, लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला गेला, इंटरनेट बंद झालं. ज्या पुतळ्यापाशी मी केएमटीतून उतरले होते, तीच जागा. शाळा अजून सुरू व्हायची होती. सुरू झाली तेव्हा पहिल्या आठवड्यात वर्ग अर्धे रिकामे. पुढच्या वर्षी जुलैत विशाळगडाच्या पायथ्याला गजापुरात घरं आणि मशीद फोडली गेली. ज्या पोरींनी हे सगळं अकराव्या-बाराव्या वर्षी पाहिलं, त्यांना 'काही होत नाही, जा' असं मी कोणत्या तोंडानं सांगू?

इंटरनेट परत आल्यावर मेसेज फिरले. यांच्याकडून घेऊ नका, त्यांच्याकडून घेऊ नका. प्रामाणिकपणे सांगायला हवं, आमच्याही गटांमधून फिरले: आपल्या माणसाकडूनच घ्या. पहिल्याला आपण द्वेष म्हणतो आणि दुसऱ्याला कौमची हमदर्दी. मला दोन्ही सारखेच वाटले. माझ्या ओळखीचा एक फळवाला आहे, अब्बांच्या जोडीदाराचा मुलगा. त्या दिवसांत त्यानं गाडीवरचा पैसे घेण्याचा कोड बदलला आणि शेजारच्या नारळवाल्याचा लावला. कारण स्कॅन केलं की गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर नाव येतं. नारळवाला हिंदू. संध्याकाळी तो हिशेब करून याचे पैसे याला रोख द्यायचा, एक रुपया इकडचा तिकडे नाही. ही गोष्ट मी लोकांना सांगते तेव्हा काही जण म्हणतात, बघा किती छान भाईचारा. असेलही. पण मला ऐकताना माझा किचेन आठवतो. चाळीस वर्षांचा बाप्या माणूस, आपल्याच केळ्यांवर दुसऱ्याचं नाव लावून बसलेला.

कोल्हापूरच्या बाजारात हे नवं नाही. शाहू महाराजांच्या पदरी गंगाराम कांबळे नावाचे नोकर होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना नोकरीतून मोकळं केलं आणि हॉटेल काढायला मदत केली. भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' नावाचं चहाचं हॉटेल उभं राहिलं. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? कोणी जाईना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा मागवू लागले आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजू लागले. आपण शाहू जयंतीला भाषणात ही गोष्ट सांगतो आणि टाळ्या घेतो. मला त्यातली एक बाब महत्त्वाची वाटते. महाराजांनी त्या हॉटेलासमोर भाषण केलं नाही, गिऱ्हाईक पाठवलं. स्वतः गेले. ज्या राजानं १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली आणि १९०६ मध्ये मुसलमान मुलांसाठी बोर्डिंग काढलं, त्याला दुकान कशावर चालतं हे चांगलं माहीत होतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की पोरींनी बाजारात जायला हवं, आणि भीती खोटी आहे म्हणून नव्हे. भीती खरी आहे. पण बाजार सोडून आपण घरी बसलो की बंदची हाक देणाऱ्याला पुढच्या वेळी हाक द्यावी लागत नाही. आणि सोडून देताना पहिल्या कोण सुटतात? पोरी. भाऊ संध्याकाळी गंगावेशीला दूध प्यायला जातोच. अब्बू दुकानावर जातातच.

आता दीनच्या नावावर जे सांगितलं जातं त्याबद्दल. एका पालकांनी मला सही मुस्लिममधली हदीस ऐकवली की अल्लाहला सर्वांत प्रिय जागा मशिदी आणि सर्वांत नावडत्या बाजार. हदीस मला मान्य आहे. बाजारात खोटं वजन होतं, खोटी शपथ होते, हे केळीवाल्याच्या मुलीला कोणी सांगायला नको. पण त्याच पालकांचं बाजारात दुकान आहे! मी त्यांना सूरह फुरकान काढून दाखवली. मक्केचे लोक नबींवर आक्षेप काय घेत होते? हा कसला पैगंबर, जेवतो आणि बाजारात फिरतो. आणि त्याच सूरहमध्ये पुढे उत्तर येतं की याआधीचे सगळे पैगंबरही जेवत होते आणि बाजारांतून फिरत होते. हजरत खदीजा स्वतः व्यापारी होत्या, हे तर आपण पहिलीच्या मुलांनाही शिकवतो. शिफा बिन्त अब्दुल्लाह या सहाबिया लिहायला शिकवायच्या, आणि हजरत उमर यांनी त्यांना मदीनेच्या बाजारावर देखरेखीचं काम दिलं अशी रिवायत आहे. शिक्षिका आणि बाजार, दोन्ही एका बाईच्या हाती. मला त्या बाईंबद्दल विशेष आपुलकी वाटते, कारण उघड आहे.

ते पालक हसले. परवानगी दिली नाही, पण हसले.

माझ्या विषयाचंही थोडं बोलते. आमच्या मुलींना मराठीत ऱ्हस्व-दीर्घ येतं, समास सोडवता येतात, पण 'सुट्टे नाहीत काय?' हे विचारताना जीभ अडखळते. त्यांना मराठी ही परक्यांची भाषा वाटते, पेपरपुरती. मी फळ्यावर दोन रकाने काढले आणि म्हटलं, वाण्याच्या वहीतले शब्द सांगा. जमा, खर्च, बाकी, हिशेब, रक्कम, किंमत, नफा, नुकसान, माल, वजन, तराजू, दलाल, दुकान, बाजार. मग विचारलं, यातले उर्दूतले कोणते? मुली बघतच राहिल्या. सगळेच. अरबी-फारसीतून आले आणि मराठीत असे मुरले की राज्यव्यवहारकोश करून शिवाजी महाराजांनी कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय काढून घेतले, तरी बाजारानं ते फारसं मनावर घेतलं नाही. मेसेज पाठवणाऱ्यांनाही 'दुकान' आणि 'माल' याच शब्दांत लिहावं लागलं. पण हे फळ्यावर कितीही लिहिलं तरी गाडीसमोर उभं राहून "काय भाव?" म्हटल्याशिवाय अंगी लागत नाही.

तर दिवाळीच्या सुट्टीआधीच्या रविवारी आम्ही गेलो. शाळेची सहल वगैरे नाही. मी घरोघरी जाऊन आयांशी बोलले, नऊ मुली तयार झाल्या आणि दोन आया सोबत आल्या. तिघी-तिघींचे गट केले. प्रत्येकीकडं पन्नास रुपये. मी भवानी मंडपात बसणार, त्यांनी तासाभरात परत यायचं. भाव केल्याशिवाय काही घ्यायचं नाही, आणि कोणी नाव विचारलं तर खरं सांगायचं. शेवटची सूचना देताना माझा आवाज जरा चढला असावा, कारण एक आई माझ्याकडं बघू लागली.

तो तास मला फार मोठा गेला. त्या दोघी आया बाकावर बसून सुरुवातीला कुरकुरत होत्या, मग त्यांच्यातली एक म्हणाली की तिचं लग्न होऊन या शहरात सतरा वर्षं झाली, पण कपिलतीर्थ मार्केट तिनं अजून पाहिलेलं नाही. नवरा भाजी आणतो, आणि तीही रोज शिळी आणतो. मग त्या दोघीच उठून गेल्या. मी एकटी राहिले, पर्यटकांचे फोटो बघत.

दोन गट वेळेत आले. तिसरा, अडीच ओळींच्या मुलीचा, वीस मिनिटं उशिरा आला. त्या वीस मिनिटांत मी काय काय दुवा मागितल्या ते सांगत नाही. तिघी धापा टाकत आल्या. लक्ष्मीपुरीतला रविवारचा बाजार बघायला थेट तिकडं चालत गेल्या होत्या, हे ठरलेलं नव्हतं. मी रागावले, चांगलीच रागावले. एका पोराटोरांच्या टोळक्यानं मागून काहीतरी म्हटलं होतं, हिजाबावरून. काय म्हटलं ते त्यांनी सांगितलं नाही. एका चटणी-मसाल्याच्या म्हाताऱ्या बाईनं त्या पोरांना हाकललं आणि यांना आपल्या पोत्याजवळ बसवून घेतलं. मग नाव विचारलं. तिघींनी आपापली नावं सांगितली. तिसरं नाव तिला नीट म्हणता येईना, तर तिनं तीनदा म्हणून घेतलं आणि शेवटी चुकीचंच ठेवलं.

सोमवारी निबंध परत लिहायला दिला. तीन पानं झाली. त्यात मानवी जीवनाचा आरसा नव्हता. लसणीचा भाव होता, टोळक्याबद्दल एक ओळ होती आणि ती खोडलेली होती, म्हातारीच्या हातावरच्या गोंदणाचं वर्णन होतं, आणि पन्नासातले अकरा रुपये कुठं गेले ते आठवत नाही अशी कबुली होती. शुद्धलेखनाच्या चुका मी मोजायचं सोडून दिलं. पहिलं वाक्य होतं, 'आम्ही तिघी बाजारात गेलो आणि मी चटणी घेतलो.' 'घेतलो'खाली मी लाल रेघ मारली, कारण बोर्डाच्या पेपरात त्याचा मार्क जाईल. समासात मात्र लिहिलं की बोलताना असंच बोल.

पुढची फेरी शबे-बरातनंतर ठरवतेय. आत्तापर्यंत सोळा नावं आली आहेत. त्या हदीसवाल्या पालकांची मुलगी त्यात नाही. शुक्रवारी असरनंतर मी त्यांच्या दुकानात जाणार आहे. घरी नाही, दुकानात. दस्तरखानासाठी कापड घ्यायचंच आहे, भावही करायचा आहे.